खाऱ्या वाऱ्यातले दागिने: घरी काय धुवावं, काय नुसतं पुसावं

चतुर्थीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. आजीची बोरमाळ मी कढत पाण्याच्या वाटीत टाकली, वर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब सोडले आणि नारळ खवायला बसले. परत येऊन बघते तर दोन-तीन मण्यांच्या भोकांतून तपकिरी, चिकट काहीतरी बाहेर आलेलं. मला वाटलं, इतक्या वर्षांचा मळ सुटतोय. म्हणून मी आणखी गरम पाणी ओतलं. मग मात्र मणी हाताला हलके लागायला लागले आणि पोटात गोळा आला. मालवणातल्या आमच्या सोनारकाकांनी माळ हातात घेतली, एक मणी दोन बोटांत हलकेच दाबून पाहिला आणि म्हणाले, "आतमधी लाख आसा गे बाय. कढत पान्यात कित्याक घातलंस?"

बोरमाळेचे मणी पोकळ असतात. पातळ पत्र्याचं सोन्याचं कवच, आणि ते चेपू नये म्हणून आत भरलेली लाख. कोल्हापुरी साजातली पानं, जुने पोकळ गोठ, कितीतरी वाक्या आणि तोडे याच पद्धतीने घडवलेले असतात. पाणी उकळायच्या कितीतरी आधी लाख मऊ होते आणि वाट मिळेल तिथून बाहेर येते. ती स्पिरिटमध्ये विरघळतेही. त्यामुळे हाताला सॅनिटायझर लावून लगेच पोकळ गोठ चढवणं किंवा बोरमाळेवर अत्तराचा फवारा मारणं हेही तिला सोसत नाही.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून चालते. दागिना सोन्याचा की चांदीचा हे नंतर. आधी त्यात आणखी काय काय आहे ते बघायचं: लाख, रेशमाचा दोरा, मोती, काचेचे मणी, खड्यामागची चकाकती पन्नी, डिंक. त्यातलं जे सगळ्यात नाजूक असेल, त्याला सोसेल तेवढंच पाणी, तेवढाच साबण. सोनं कितीही टणक वाटलं तरी धुण्याची पद्धत दोराच ठरवतो.

सोनं काळं पडत नाही, मग काळं काय पडतं?

शुद्ध सोन्याला हवा, पाणी, मीठ यांपैकी कशानेही काही होत नाही. हर्णै बंदरावर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात उभ्या असलेल्या कोळणींच्या अंगावरचं सोनं बघा. दिवसभर बर्फ, खारं पाणी आणि खवलं यांत वावरूनही ते पिवळंधमक दिसतं. पण शुद्ध सोनं इतकं मऊ की त्याच्या बांगड्या महिन्याभरात वाकड्या होतील. म्हणून त्यात तांबं आणि चांदी मिसळतात. २४ भागांत २२ भाग सोनं असेल तर ते २२ कॅरेट, म्हणजे शेकडा ९१.६ भाग सोनं. हॉलमार्कवरचा ९१६ हा आकडा तिथून येतो. १८ कॅरेटचा आकडा ७५०, कारण त्यात पाऊण भाग सोनं आणि पाव भाग इतर धातू.

हवेला, घामाला, मिठाला दाद देतात ते हे इतर धातू. त्यामुळे २२ कॅरेटची पाटली फारशी काळवंडत नाही, पण १८ कॅरेटची खड्याची अंगठी लवकर निस्तेज होते. जुन्या दागिन्यात सांधे जोडायला धातू वितळवून जी झाळ दिलेली असते तिचा कस बहुधा कमी असतो, म्हणून साखळीच्या कड्यांचे जोड आधी काळपट दिसतात. आणि आपण ज्याला "सोनं काळं पडलं" म्हणतो ते पुष्कळदा काळं पडणं नसतंच. घाम, खोबरेल तेल, पावडर, साबणाचा चिकट थर आणि धूळ यांचं ते लुकण असतं. ते धुऊन जातं. त्यासाठी घासावं लागत नाही.

आता आपल्या किनाऱ्याची बाजू. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अगदी बारीक कण असतात. खिडकीच्या गजांवर आणि सायकलच्या चेनवर त्यांची करामत आपण रोज पाहतो. मिठाचा एक गुण असा की हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात ते याचसाठी. मृगापासून हस्तापर्यंत आपल्याकडची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे दागिन्यावर बसलेलं मीठ पावसाळाभर ओलंच राहतं. सोन्याला त्याचं काही नाही, पण मिश्रणातलं तांबं, झाळेचे सांधे आणि गळ्यातल्या चेनच्या हुकात लपलेली पोलादाची बारीकशी स्प्रिंग यांना ते सतत चावत असतं. ही स्प्रिंग गंजली की हूक अर्धवट मिटतो. चेन हरवते ती बहुधा अशी.

म्हणून विसर्जनाला समुद्रात कमरेपर्यंत उतरून आलात की घरी आल्यावर अंगावरची चेन, अंगठी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करा. खरं तर अंगठी घालून पाण्यात जाऊच नये. गार पाण्यात बोटं आकसतात, अंगठी सैल होते, आणि वाळूत गेलेली अंगठी परत मिळत नाही.

साधं सोनं: नक्षीचं, पण लाख-मोती नसलेलं

पाटल्या, बांगड्या, साधी चेन, कुड्यांऐवजी घालतो ती सोन्याची टॉप्स, मंगळसूत्राच्या सुट्या वाट्या या प्रकाराला घरची धुलाई उत्तम. एका वाडग्यात कोमट पाणी, म्हणजे लहान मुलाला आंघोळीला चालेल इतपत. त्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन-चार थेंब. पंधरा-वीस मिनिटं दागिना तसाच राहू द्या. इथे घाई करू नका, चिकटपणा सोडवायचं काम हा वेळच करतो. मग लहान मुलांच्या दात घासायच्या अगदी मऊ ब्रशने नक्षीत, कडीत आणि मुख्य म्हणजे मागच्या बाजूने हलकेच फिरवा. मळ साठतो तो अंगाला टेकणाऱ्या बाजूला, आणि आपण नेमकी पुढचीच बाजू चमकवत बसतो.

कपडे धुवायची पावडर मात्र नको. तिच्यात सोडा तीव्र असतो आणि काहींत विरंजकही असतं.

साबणाऐवजी रिठे वापरायची आपली जुनी रीत अगदी योग्य आहे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो. तो पाण्याला फेस आणतो, तेलकटपणा सोडवतो, आणि धातूला ओरखडा काढेल असं त्यात काही नसतं. सोनारही रिठ्याचं पाणी वापरतात. चार-पाच रिठे फोडून साली रात्रभर भिजत घाला, सकाळी चोळून गाळून घ्या. गाळायचं विसरू नका, सालीचे तुकडे कड्यांत अडकून बसतात.

धुताना मोरीत किंवा बेसिनवर उभं राहू नका. परातीत वाडगं ठेवा आणि पाणी टाकताना चहाच्या गाळणीतून टाका. कुडीची फिरकी, सुटलेला खडा, तुटलेली कडी हे सगळं पाण्याबरोबर जातं आणि दुसऱ्या दिवशी लक्षात येतं.

शेवटचं पाणी कोणतं, याला किनाऱ्यावर फार महत्त्व आहे. एप्रिल-मे महिन्यात खाडीकाठच्या कितीतरी विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्याने धुतलेला दागिना वाळला की मिठाचा थर पुन्हा त्यावरच बसतो. मग वाटतं, साबण चांगला नव्हता. अशा वेळी शेवटचं विसळण पिण्याच्या गाळलेल्या पाण्यात करा. पावसाळ्यात पाणी निर्जंतुक करायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेल्या दिवशी विहिरीचं पाणी लगेच वापरू नका, त्यातल्या क्लोरीनचा वास जाऊ द्या. धुऊन झाल्यावर जुन्या धुवट सुती कापडाने टिपून पंख्याखाली ठेवा. चेन, जाळीचं काम आणि पोकळ कानातली निदान रात्रभर. आत अडकलेलं पाणी बाहेरून दिसत नाही.

मंगळसूत्र

रोज अंगावर असल्याने सगळ्यात जास्त मळ याच्यातच. वाट्यांच्या पोकळीत हळद, कुंकू, घाम आणि साबण यांचा थर बसतो. हळदीचा रंग साबणाच्या संगतीत लाल होतो. हळद लागलेला हात साबणाने धुताना हे आपण पाहिलेलंच आहे. मंगळसूत्राचा दोरा तांबडा दिसतो तो त्यामुळेही, प्रत्येक वेळी तो कुजलेला असतोच असं नाही.

काळे मणी काचेचे, त्यांना पाण्याचं भय नाही. भय दोऱ्याला. तारेत ओवलेलं मंगळसूत्र वर सांगितल्याप्रमाणे धुता येतं. दोऱ्यातलं असेल तर ते भिजवत ठेवू नका. वाट्या तेवढ्या साबणाच्या पाण्यात बुडवून मऊ ब्रशने साफ करा, मण्यांवरून ओलसर कापड फिरवा, आणि पूर्ण वाळेपर्यंत गळ्यात घालू नका. ओला दोरा ताणला जातो आणि मण्यांच्या कडांवर घासून आतून तुटत येतो. मंगळसूत्र गाठवून घेतलं की ती तारीख कुठेतरी लिहून ठेवा. रोजच्या वापरातलं असेल तर वर्षाने एकदा गाठवणं मला तरी आवश्यक वाटतं. तुटल्यावर मणी शोधण्यापेक्षा ते बरं.

चांदी आणि खाडीचा वास

चांदीचं गणित वेगळं. साध्या हवेने चांदी सहसा काळी पडत नाही, तिचं वैर गंधकाशी. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला, कांदळवनातून सडक्या अंड्यासारखा वास आला, की समजावं हवेत हायड्रोजन सल्फाइड आहे. हा गंधकाचा वायू आणि दमट हवा एकत्र आली की चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळा. अंडी, कांदा, लोकर, रबरबँड यांतही गंधक असतं. पैंजणांची जोडी रबरबँडने बांधून ठेवली तर जिथे रबर टेकलं तिथे काळा पट्टा उठतो. रोज पायात असलेले पैंजण मात्र चालताना घासले जाऊन उजळ राहतात. डब्यात जपून ठेवलेलेच काळे पडतात, याचं अनेकींना आश्चर्य वाटतं.

आमसुलाने समई लखलखते, मग पैंजण का नाही? कारण तांब्या-पितळेवरचा काळपट-हिरवट थर आमसुलातल्या किंवा चिंचेतल्या सौम्य आम्लात विरघळतो. चांदीवरचा सल्फाइडचा थर त्याला दाद देत नाही. मग आपण राख, रांगोळी, टूथपेस्ट घेऊन घासायला बसतो. चांदी उजळते, हे खरं. पण रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, राखेत वाळूसारखे कण, टूथपेस्टमध्ये दातांवरचा थर खरवडायला घातलेली पावडर. यांनी काळा थर निघतो तो चांदीसकट. तो थर चांदीचाच बनलेला होता ना! वर्षानुवर्षं घासलेल्या करंड्यावरची वेलबुट्टी पुसट होते ती अशीच.

यावर एक सुरेख उपाय आहे. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात तळाला ॲल्युमिनियमची फॉइल पसरा. स्वयंपाकातून बाद झालेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं असेल तर फॉइलही नको, मात्र ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. चांदीचे दागिने फॉइलला टेकतील असे ठेवा. लिटरभर पाणी उकळून खाली उतरवा, त्यात दोन-तीन मोठे चमचे खायचा सोडा घाला. फसफसतं, म्हणून हळूहळू. हे पाणी दागिन्यांवर ओता आणि पाच-दहा मिनिटं थांबा. खिडकी उघडी ठेवा.

थोड्या वेळाने वास येईल, तोच, ओहोटीच्या खाडीचा. घाबरू नका, गंधक सुटल्याची ती खूण. आत चाललेलं असतं ते असं: गंधकाला चांदीपेक्षा ॲल्युमिनियमची ओढ जास्त. सोडा ॲल्युमिनियमवरचा पातळ संरक्षक थर काढतो आणि सोड्याच्या पाण्यातून चांदी व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये अगदी सौम्य वीज वाहते, एखाद्या बॅटरीसारखी. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं. काळ्या थरातली चांदी पुन्हा चांदी होऊन जागच्या जागी राहते. घासण्यात जी वजनाने जाते ती इथे वाचते. म्हणूनच मला ही पद्धत राखेपेक्षा शंभर पटींनी आवडते. नंतर दागिने दोनदा विसळा, पुसा, वाळवा. फार काळे असतील तर नवं पाणी करून पुन्हा एकदा.

मोती, खडे, मीना, लाख असलेल्या चांदीला मात्र हे करू नका. ऑक्सिडाइज्ड म्हणून विकत घेतलेल्या दागिन्यांनाही नको. त्यांच्या नक्षीतला काळा रंग मुद्दाम दिलेला असतो, तो गेला की दागिना ओकाबोका दिसतो.

मोती आणि तिसऱ्यांची शिंपली

मोती समजून घ्यायचा असेल तर एक प्रयोग करा. तिसऱ्यांची आमटी झाली की एक रिकामी शिंपली धुऊन व्हिनेगरमध्ये टाका. तिच्यावर बारीक बुडबुडे येतील आणि काही तासांनी तिचा गुळगुळीतपणा गेलेला असेल. शिंपली कॅल्शियम कार्बोनेटची. मोतीही त्याचाच, पातळ पातळ थर एकावर एक चढून, मध्ये प्रथिनांचं सांधण आणि थोडं पाणी घेऊन झालेला. त्या थरांवरून प्रकाश परततो म्हणून मोत्याला ते आतून उमललेलं तेज येतं. आम्लाचा थेंब वरचा थर खातो, आणि एकदा गेलेलं ते तेज कोणताही सोनार परत आणू शकत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात आम्ल किती आहे ते बघा. आमसूल, चिंच, लिंबू, कैरी, सोलकढी. पत्रिकेत सांगितलं म्हणून मोत्याची किंवा पोवळ्याची अंगठी बोटात घालून रोज मासे धुणाऱ्या, त्यांना आगळ (कोकमाचा आंबट रस) आणि मीठ लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या अंगठीतला खडा खडूसारखा झालेला असतो. पोवळंही कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे तीच कथा. मासे साफ करताना ही अंगठी काढून ठेवा, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं. घामातही थोडं आम्ल असतं.

मग मोती साफ करायचे कसे? नथ, तन्मणी, चिंचपेटी काढली की लगेच, डब्यात ठेवायच्या आधी, मऊ सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळून त्याने एकेक मोती पुसायचा, मग कोरड्या कापडाने. बस. नव्वद टक्के काळजी यातच आली. नथीच्या तारेच्या वळणात मेकअप अडकला असेल तर कापसाची काडी ओलसर करून फिरवा. अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे हे सगळं आधी, नथ शेवटी. उतरवताना नथ सगळ्यात आधी. हळद लागली तर लगेच पुसा, दुसऱ्या दिवशी ती निघत नाही.

तन्मण्यासारखा दोऱ्यात गाठवलेला दागिना पाण्यात बुडवू नये. रेशमाला ओल लागली तर तो खुंटीला टांगू नका, कापडावर आडवा पसरून एक पूर्ण दिवस वाळू द्या. ओलसर दोरा डब्यात बंद झाला की पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि मोत्याच्या भोकाभोवती काळं कडं दिसतं. नकली मोत्यांच्या नथींना तर आणखी जपा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यावर चढवलेली ती चमक असते, गरम पाण्याने आणि स्पिरिटने तिचे पापुद्रे निघतात.

खड्यांचं थोडक्यात. हिरा हा सगळ्यात कठीण, पण तेल-तूप त्याला विलक्षण चिकटतं. खाणीतले हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेले टेबल वापरत, ते याच गुणामुळे. हिऱ्याची अंगठी निस्तेज झाली तर साबणाचं कोमट पाणी आणि मागच्या बाजूने मऊ ब्रश पुरतो. माणिक आणि नीलमही पाणी सोसतात. पाचूला मात्र नुसतं ओलं कापड. त्याच्यातल्या चिरा झाकायला बहुधा तेल भरलेलं असतं, ते साबणाने आणि गरम पाण्याने निघून जातं. कोंदण मागून बंद असेल तर कोणताही खडा बुडवू नका. आत शिरलेल्या पाण्याने मागची पन्नी काळी पडते आणि खडा आंधळा होतो. दागिना कानाशी धरून हलकेच हलवा. खडखड आली तर धुण्याआधी सोनाराकडे.

एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांवरचं सोनं म्हणजे पितळेवरचा पातळ मुलामा. पुसणं एवढीच त्याची सेवा. घासलं की पितळ दिसू लागतं.

घरात असलेले दोन शत्रू

फरशीसाठी आणि संडासासाठी वापरतो ती ब्लीचिंग पावडर किंवा तसं द्रावण हाताला लागणार असेल तर अंगठ्या, बांगड्या आधी काढा. क्लोरीन मिश्रणातल्या तांब्या-चांदीवर हल्ला करतं. कमी कॅरेटच्या दागिन्यात खड्याची पकड आणि सांधे त्याने ठिसूळ होतात. वरून काही दिसत नाही आणि एक दिवस पकडीचं नखच तुटतं.

दुसरा शत्रू पारा. जुना थर्मामीटर फुटला आणि पाऱ्याचा कण अंगठीला लागला की सोनं तिथे पांढरं होतं, कारण पारा सोन्यात मुरतो. रंग गोरा करणाऱ्या काही बेनामी क्रीममध्येही पारा असतो, त्यामुळे कारण नसताना अंगठी पांढरी पडली तर क्रीमकडे संशयाने बघा. असा डाग घरी गॅसवर धरून घालवायचा प्रयत्न कुणीही करू नये. पाऱ्याची वाफ विषारी असते. अंगठी बंद पिशवीत घालून सोनाराला कारण स्पष्ट सांगून द्या.

पावसाळ्यातला डबा

ठेवताना सगळं एकत्र नको. हिरा सगळ्यांना ओरखडतो, मोती सगळ्यांकडून ओरखडला जातो. सराफ देतात तो गुलाबी पातळ कागद किंवा मऊ सुती पिशवी प्रत्येकाला वेगळी. चांदी मात्र हवाबंद पिशवीत, जास्तीत जास्त हवा बाहेर काढून, सोबत सिलिका जेलची पुडी. पुडी ओल धरून भरली की तिचं काम थांबतं, म्हणून पावसाळ्यात ती महिन्या-दोन महिन्यांनी बदला. मोती आणि पाचू या पुडीच्या डब्यात नकोत. तिच्या कोरडेपणाने मोती रुक्ष होतो. मोत्यांना कापडी पिशवी आणि अधूनमधून अंगावरची हवा, एवढंच लागतं. लॉकरमध्ये ठेवलेले दागिनेही पावसाळ्यानंतर एकदा काढून बघा, तिथेही हवा कोकणातलीच असते.

दारावर येणारा पॉलिशवाला

हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे, कारण आमच्या वाडीतल्या एका आजींच्या दोन पाटल्या अशा गेल्या. मुलं मुंबईला, घरात दोघी म्हाताऱ्या. दोन तरुण आले, पावडर विकतो म्हणाले. आधी देवघरातली समई फुकट उजळून दिली, मग जोडवी, मग "आजी, पाटल्या पण द्या". त्यांच्या भांड्यातल्या पिवळ्या पाण्यातून पाटल्या झगझगीत होऊन आल्या. महिन्याभराने सोनाराने वजन केलं तेव्हा कळलं की सोनं कुठे गेलं.

त्या पाण्यात आम्लराज असतं. तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक भाग नायट्रिक आम्ल. यांतलं एकटं कोणतंही आम्ल सोन्याला विरघळवू शकत नाही, पण दोन्ही मिळून सोनं विरघळवतात. वरचा थर पाण्यात उतरतो, खालचं ताजं सोनं चमकतं, म्हणून माणूस फसतो. ते पाणी घेऊन ते निघून जातात आणि त्यातलं सोनं नंतर काढून घेतात. काही जण दागिने हळदीबरोबर डब्यात बंद करून "अर्ध्या तासाने उघडा" सांगतात आणि डब्यात काहीच नसतं. दारावर आलेल्या माणसाला समईसुद्धा देऊ नका. घरात एकटी वयस्क माणसं असतील तर त्यांना हे फोनवर सांगा, पुन्हा पुन्हा सांगा.

ओळखीच्या सोनाराकडचं पॉलिशही वारंवार नको. बफच्या चाकावर धरलेल्या दागिन्याचं थोडं सोनं जातंच, त्याला इलाज नाही. लग्नकार्याआधी, काही वर्षांतून एकदा पुरे. देताना आणि घेताना आपल्यासमोर वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्या. मळ निघाल्यानेही वजन किंचित उतरतं, म्हणून दागिना घरी धुऊन, वाळवून मगच न्यावा. म्हणजे तो वादच राहत नाही. एप्रिल २०२३ पासून सराफांना सोन्याचे बहुतेक नवे दागिने एचयूआयडी क्रमांकाच्या हॉलमार्कशिवाय विकता येत नाहीत. हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो आणि भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तो क्रमांक, वजन आणि एक फोटो घरी नोंदवून ठेवा. आजीच्या दागिन्यांवर असा शिक्का नसतो, त्यांचं वजन आणि फोटो तरी हवाच.

सोनारकाकांनी आमची बोरमाळ पुन्हा लाख भरून, नव्या दोऱ्यात गाठवून दिली. दोन मण्यांना चेप राहिलाय, तो काढायचा प्रयत्न केला तर पत्रा फाटेल म्हणाले, म्हणून तसाच ठेवला. आता चतुर्थीला ती गळ्यातून उतरली की मी ओलसर कापडाने पुसते, मग कोरड्याने, आणि रात्रभर पंख्याखाली ठेवून सकाळी गुलाबी कागदात गुंडाळते. कागदावर पेन्सिलीने लिहिलंय: आत लाख आहे, बुडवू नये.